रुमालाखालचा हात

“…ते सगळं खरं, बाबा. पण घ्यावा की घेऊ नये?”

सुमंत बारवकर बराच वेळ बोलून थांबला होता.

रंगाच्या दुकानाचा मालक. डबाभर पांढरा मागायला आलेलं गिऱ्हाईक त्याच्या दुकानातून अख्ख्या घराचा रंग घेऊनच बाहेर पडायचं. तेव्हा बाजू मांडली ती चोखच. व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल आलाय. चित्र असं, की पडद्यावरच्या गवतातून वारा जाताना दिसतो. नवे खेळ आता जुन्यावर यायचे नाहीत. महाग आहे, पण थांबलं तर आणखी महागणार. उलटी बाजूही त्यानेच मांडली आणि त्यानेच ती मोडून काढली.

गेनूबाबा ऐकत होते. त्यांची मठी गावाच्या बाजारतळाला लागून. भगवी घालण्याआधी याच तळावर त्यांनी बैलांची दलाली केली. त्यामुळे त्यांच्याकडे देवाचं विचारायला येणारे कमी आणि व्यवहाराचं विचारायला येणारे जास्त. आज बाजार नव्हता. तळावर नुसते खुंटे उभे होते.

“टीव्हीखाली जागा केलीस का?” बाबांनी विचारलं.

सुमंत घुटमळला. “केली. परवाच फळी ठोकून घेतली.”

“बाजारात एक जण यायचा. ‘दलाल, बैल घ्यावा का नको, तुम्हीच सांगा,’ म्हणायचा. आणि पिशवीतनं नव्या कासऱ्याचं टोक बाहेर लोंबतंय.”

सुमंत हसला. एवढ्यावर गप्प बसणारा तो नव्हे. “म्हणजे घ्यावाच म्हणता.”

“जुन्याला काय झालं?”

“काही नाही. चालतो की.”

“मग?”

“मजा येत नाही आता.”

“कधीपासनं?”

सुमंतने बाहेरच्या खुंट्यांकडे बघितलं…

जुना कन्सोल दोघा भावांनी मिळून घेतला होता. शटर ओढलं की सुमंत आणि धाकटा निशांत जे पडद्यापुढे बसायचे, ते आईने वाढलेली ताटं गार होईपर्यंत. हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुकान झाडायचं, असा करार. गेल्या दिवाळीत दोघांचं त्याच दुकानावरून फाटलं. मधोमध भिंत उभी राहिली. अलीकडे सुमंतचा रंग, पलीकडे निशांतचे नळ आणि पाइप. तेव्हापासून बोलणं बंद, आणि दुसरा रिमोट कपाटात.

हे त्याने सांगितलं, पण पडून राहिलेल्या मालाबद्दल दुकानदार सांगतो तसं, भरभर आणि नजर दुसरीकडे ठेवून. मग लगेच सावरला. नव्यात हीच तर सोय आहे, म्हणाला. इंटरनेट जोडलं की जगातला कुणीही समोर खेळायला मिळतो. कुणाच्या दारात जायला नको.

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला आणि एक टोक धरून मध्ये पसरला. “चल, सौदा करू.”

सुमंत खुलला. बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, वर पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि आत किंमत ठरते. बापाच्या शेजारी उभं राहून त्याने हे लहानपणी पाहिलेलं. त्याने बाह्या सरसावल्या आणि रुमालाखाली हात घातला.

चाचपडला.

आणखी आत घातला…

रुमालाखाली कुणाचाच हात नव्हता. बाबांचा एक हात टोक धरून होता आणि दुसरा खुशाल त्यांच्याच गुडघ्यावर पडला होता.

“बोल की भाव.”

“बाबा, तुमचा हात कुठाय?”

“माझाच कशाला पाहिजे? धर कुणाचा तरी. जगात हात काय थोडे आहेत?”

सुमंतने हात बाहेर काढला नाही. नुसता अंगठा तेवढा रुमालाखाली आपोआप हलत होता, बटण दाबल्यासारखा. तळावरून वारा आला, रुमाल फुगला आणि पुन्हा त्याच्या मनगटावर बसला.

“भिंत त्याने घातली,” तो म्हणाला.

बाबांनी रुमालाचं टोक सोडलं नाही.

“…विटा मी आणून दिल्या.”



मग सुमंतने हात काढून घेतला. पण व्यापारी माणूस, आलेलं काम अर्धं टाकून उठणार कसा? त्याने घसा साफ केला. “तर मग, तो नवा… घेऊ का नको?”

गेनूबाबांनी रुमालाची नीट घडी घातली आणि ती त्याच्या हातात ठेवली.

“हा घेऊन जा. सौदा झाला की आणून दे.”