टिटवीचे चौथे अंडे

माळाकडेच्या जंगलात, तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. मुलांनो, तिच्या संशयाला औषध नव्हते. पान हलले तरी ती ओरडे. त्या उन्हाळ्यात तर उघड्या जमिनीवर घातलेल्या तिच्या चार अंड्यांवर काळे, चिकट डाग दिसू लागले. बघता बघता तीन अंडी नासली. उरले एकच.

टिटवी कोल्ह्याकडे धावली. जंगलात प्रदूषणाच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि कोल्हा त्यांची वर्गवारी करी. खोकणाऱ्या वानराला तो हवेच्या रांगेत उभे करी, अंग खाजवणाऱ्या बेडकाला पाण्याच्या, दचकणाऱ्या सशाला आवाजाच्या.

"अंडी कुठे आहेत, टिटवीताई?"

"जमिनीवर."

"मग हे मातीचे प्रदूषण. माती कोण नासवतो ते बघ. पुढचा कोण?"

झाले! टिटवी माती उकरणाऱ्या रानडुकरावर डोळा ठेवून बसली.

"का गं, मी चोर आहे का?" डुकराने विचारले.

"चोर कधी सांगतो का, मी चोर म्हणून?"

डुक्कर फुरफुरत निघून गेले. डाग मात्र वाढतच राहिले. ऊन तापले की सगळ्या टिटव्यांसारखी तीही तळ्यात पोट भिजवून येई आणि गारव्यासाठी अंड्यावर बसे.

एके दुपारी ती तळ्यातून निघणार, तोच कासव म्हणाले, "टिटवे, जगावर पहारा करतेस, जरा स्वतःच्या पोटाकडे बघ."

टिटवीने मान वाकवली. पांढऱ्या पिसांवर काळे तेल!

"म्हणजे माझ्या अंड्यांना मीच..."

"तू नव्हे, बाई. तळ्यात येणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसे ट्रक भरभरून जुने टायर आणून जाळतात. त्या ट्रकांचा खडखडाट, हवेत धूर, मातीवर काजळी आणि पाण्यात हे तेल. कोल्ह्याच्या रांगा चार, पण घाण एकाच ढिगाची."

टिटवीने लांबच्या झऱ्यावर पोट धुतले आणि तडक डुकरासमोर मान खाली घालून उभी राहिली. "चुकले, दादा. आता तुझे उकरणेच हवे आहे."

डुकराने जळता ढीग मातीने बुजवला. माणसांनी तो दोनदा पेटवला, डुकराने दोनदा बुजवला. कंटाळून ट्रक यायचे थांबले. कोल्ह्याच्या रांगा ओस पडल्या.

आणि एका सकाळी चौथे अंडे तडकले. इवले पिल्लू आईसारखेच कर्कश ओरडले.

"हे आवाजाचे प्रदूषण!" कोल्हा खेकसला.

या वेळी रांगेत कोणीच उभे राहिले नाही.

तात्पर्य : प्रदूषणाचे प्रकार जरूर ओळखावेत, पण त्यांचे मूळ सापडेपर्यंत थांबू नये, आणि दुसऱ्यावर संशय घेण्याआधी आपले अंग तपासावे.