घळवाडीत सगळ्या गोजरा का झाल्या

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला घळवाडी नावाचं एक गाव होतं. अलीकडे घरं, पलीकडे डोंगर आणि मधे एक खोल घळ. इतकी खोल, की वरून दगड टाकला तर तो तळाला पोचल्याचा आवाजच यायचा नाही. पाय आत घे रे पांघरुणात, मग पुढचं सांगते.

तर त्या घळवाडीला एक मिजास होती. एका मुलीचं नाव दुसरीला ठेवायचं नाही! बारशाला बायका जमल्या की पहिली चौकशी हीच, की हे नाव गावात कुणाचं आहे का? असलं तर नको. शेजारणीच्या लेकीचं उष्टं नाव आपल्या लेकीला कोण ठेवील? म्हणून प्रत्येक पोरीचं नाव तिचं एकटीचंच. मग काय व्हायचं, भर दुपारी भाकऱ्या झाल्या की आया परड्यात उभ्या राहायच्या आणि कमरेवर हात ठेवून हाका मारायच्या. "बकुळेऽऽ!" म्हटलं की एकच पोर मान वळवायची. "चिमेऽऽ!" म्हटलं की दुसरी. आयांना केवढा अभिमान त्याचा! सगळा डोंगर दणाणून जायचा.

पण बरं का, त्या हाका कोण कोण ऐकतंय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घळीच्या तळाला हाकामारी बसली होती. तिला तोंड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. नुसता आवाज, आणि तोही दुसऱ्याचा उसना घेतलेला. कान मात्र मोठे. ती रोज दुपारी ऐकायची आणि एकेक नाव पाठ करायची.

मग एका दुपारी कुंभाराची बकुळा घरी आली आणि म्हणाली, "आई, काल तू मला घळीतनं का हाक मारलीस? आजपण मारलीस." कुंभारीण हसली. म्हणाली, "येडी का खुळी तू? मी घळीत कशाला जाईन?" झालं. तिसऱ्या दुपारी कुंभारीण चुलीपुढं भाकरी थापत होती. सावली पायाखाली आलेली, कावळेसुद्धा चोच मिटून बसलेले. आणि तिला घळीतून हाक ऐकू आली. "बकुळे, ये गं बाय, भाकरी गार हुतीया." कुणाचा आवाज होता? तिचा स्वतःचा! भाकरी तव्यावर जळली. ती धावत बाहेर आली तोवर बकुळेनं लांबून ओ दिली होती. त्यानंतर बकुळा कुणाला दिसली नाही.

मग धनगराच्या चिमेला हाका आल्या. तीन दुपारी हाक येते, हे आता सगळ्यांना कळलं होतं. तिच्या बापानं तिला घराच्या मेढीला दोरानं बांधून ठेवलं आणि दारात काठी घेऊन बसला. तिसऱ्या दुपारी हाक आली. आतून चिमेची ओ आली. बाप वळून बघतो तर दोर तसाच, गाठ तशीच, आणि आत कुणी नाही.

घाबरलात ना? या, जवळ सरका. गाव तर असं घाबरलं, की पोरींच्या आया नाव घ्यायलासुद्धा भ्यायला लागल्या. पण आता भिऊन काय उपयोग? नावं तर तिला तोंडपाठ झालेली.

आता त्या गावात एक आत्या होती. सगळ्या गावाची आत्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली ती तिथंच राहिली. बाकीच्या लेकी लांब लांब नांदायला गेलेल्या, त्यामुळे कुणाचंही बारसं असलं की बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायला हिलाच बोलवायचे. गावातल्या झाडून सगळ्या पोरींच्या कानात तिनंच नाव सांगितलं होतं. आणि तिचं स्वतःचं नाव? ते कुणाला ठाऊक होतं! सासरी तिचं नाव बदललं, ते नाव सासरीच राहिलं. माहेरचं नाव तिची आई घ्यायची, ती आई गेली. धाकटा भाऊ अक्का म्हणायचा, भावजय वन्सं म्हणायची, आणि बाकी सगळे आत्या. बाईला वाईट वाटायचं हो. पण सांगणार कुणाला?

या आत्याची भाची सुंद्रा. भावाची एकुलती एक लेक. आत्याचा जीव की प्राण. तिच्याच कुशीत झोपायची, तिच्याच ताटात जेवायची. एक दिवस ही सुंद्रा गालात बोरं कोंबून आली आणि म्हणाली, "आत्या, आईनं मला घळीतनं हाक मारली. पण आई तर गोठ्यात हाय."

 आत्यानं सुंद्राचे खांदे धरले. "ओ दिलीस का गं?"

"कशी देणार? तोंडात बोरं हुती."

मग दुसरी दुपार आली. आत्यानं सुंद्राच्या कानांत कापूस कोंबला, वर फडकं बांधलं, दाराला अडसर घातला आणि तिला मांडीवर घट्ट धरून बसली. हाक आली. भिंतीतून आली, कापसातून आली. "सुंद्रे, ये गं बाय." अगदी भावजयीचा आवाज, आणि भावजय तर समोर बसून पदरात तोंड खुपसून रडत होती! सुंद्राचे डोळे पांढरे झाले. ओ द्यायला तोंड उघडलं. आत्यानं तिच्या तोंडावर हात दाबला. पोरीनं आत्याचा हात कडकडून चावला, रक्त आलं, पण आत्यानं हात काही काढला नाही. हाक विरून गेली. सुंद्रा भानावर आली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या हाताला काय लागलं?"

आता एकच दुपार राहिली होती. आत्या विचार करत बसली. ही हाक कान बांधून थांबत नाही, कारण ती नावाला धरून आत शिरते. हे नाव पोरीच्या कानात घातलं कुणी? मीच. मग काढीनही मीच. ती उठली आणि भावाला म्हणाली, "म्हादू, माळ्यावरचा पाळणा काढ. सुंद्राचं बारसं करायचं."

"अक्का, ती काय तान्ही हाय? आणि नवं नाव ठेवलं तर हाकामारी ते बी ऐकंल."

"ऐकू दे. एकीचं असलं तर एकीला नेईल. सगळ्यांचंच एक असलं, तर कुणाला नेईल?"

भाऊ माळ्यावर चढला. मग आत्यानं घरोघर सांगावा धाडला, की तिन्हीसांजेच्या आत सगळ्या पोरींना घेऊन या. सगळ्याजणी आल्या. तिनं बेत सांगितला. पटलाही. पण नाव कोणतं ठेवायचं, म्हटल्यावर जी भांडणं लागली! एक म्हणाली, माझ्या आजीचं ठेवा. दुसरी म्हणाली, तुझ्या आजीनं आमची म्हैस कोंडली होती. तिसरी म्हणाली, माझ्या सासूचं ठेवा, तर तिचीच जाऊ उसळून म्हणाली, "नगं गं बाई! ती जित्ती असताना छळ झाला तेवढा पुरं!" सूर्य डोंगरामागे चालला आणि यांचं उष्टं-पाष्टं संपेना. अहो, दारात वाघ आणि या कसल्या भांडतायत! पण माणसं अशीच असतात.

तेव्हा आत्या हळूच म्हणाली, "गोजरा ठेवा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोजरा? हे नाव कुणाचं? कुणाला आठवेना.

"माझं," आत्या म्हणाली.

भावानं मान खाली घातली. सख्खा भाऊ, पण त्यालाही ते नाव नव्यानं ऐकल्यासारखं वाटलं. कुंभारीण पुढं आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ठेवा, आत्या. हेच ठेवा."

मग काय बारसं झालं म्हणता! एकेक पोर पाळण्यात बसायची. कुणाचे पाय बाहेर, कुणाचे हात बाहेर, एक तर एवढी दांडगी की पाळण्याची दोरी करकरायला लागली. आत्या वाकून कानात कुर्रर्र करायची, जुनं नाव फुंकून टाकायची, गोजरा म्हणायची. रीतीप्रमाणे मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालायच्या. एका बारशाचे धपाटे ठीक, इथं सगळ्या गावाच्या पोरी! पाठ सुजली बिचारीची. शेवटी सुंद्रा बसली. तिच्या कानात नाव सांगून झालं तरी आत्यानं पुन्हा एकदा सांगितलं, इतकी ती भ्यायली होती.

आणि तिसरी दुपार आली.

ऊन कसं पांढरं पडलं होतं. कुत्रं भुंकेना, पान हलेना. आत्या उंबऱ्याच्या आत सुंद्राचा हात धरून बसली. घळीतून हाक आली, "सुंद्रे, ये गं बाय." सुंद्रा गप्प. शेजारच्या कुणाला तरी हाक मारली असावी तशी बसून राहिली. "सुंद्रेऽऽ!" तरी गप्प. मग हाकामारीनं एकेक नाव घेऊन पाहिलं. सखू, भिमा, तानी. एकही पोर मान वळवेना.

मग घळ गप्प झाली. गावाला वाटलं, गेली. पण ती गेली नव्हती, बरं का. काल सांजेला गाव एकच नाव घेत होतं, ते तिनं ऐकलं होतं. आता ती त्या नावाचं मूळ शोधत होती. हे पहिल्यानं कुणाला ठेवलं? या नावानं कोण मोठी झाली? शोधत शोधत तो आवाज घळ चढून वर आला. आळीतून आला, अंगणातून आला, आत्याच्या उंबऱ्याशी आला आणि अगदी कानाजवळ म्हणाला, "गोजरे, ये गं बाळ. किती वाट बघायला लावतीस? भाकरी गार हुतीया."

तो आवाज आत्याच्या आईचा होता.

आत्याला सगळं कळत होतं. आई नाही, हे ठाऊक होतं. तिच्या चितेला तिनं दुरून हात जोडले होते. ही हाकामारी आहे, हेही ठाऊक होतं. पण बाळांनो, इतक्या वर्षांत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारलीच नव्हती हो. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पाय आपोआप उठले. सुंद्राचा हात सुटला. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. ओठ उघडले...

आणि कुंभारवाड्यातून आवाज आला, "ओऽऽ!" धनगरवाड्यातून आला, "ओऽऽ!" बोरीच्या झाडावरून, गोठ्यातून, पाणवठ्यावरून, सगळीकडून, "ओऽऽ! ओऽऽ! ओऽऽ!" नावाला धरून ती हाक प्रत्येकीच्या कानात शिरली होती, मग गोजरा ओ देणारच की! आणि आत्याचा पदर ओढत सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? सुंद्रा.

हाकामारीचा नेम होता, एका हाकेला एक ओ. आता इतक्या जणींतली धरायची कुठली? ती हिच्याकडे वळली, तिच्याकडे वळली. तिचा आवाज चिरकला. आधी आत्याच्या आईचा होता, मग कुंभारणीचा झाला, मग कुणा परक्या म्हातारीचा, मग एका लहान पोरीचा. मग तो रडला आणि विरून गेला. पुन्हा कधी आला नाही.

थोड्या वेळानं घळीच्या तोंडाशी दोन पोरी दिसल्या. केसांत माती, ओठ कोरडे. बकुळा आणि चिमा! आया धावल्या, पोटाशी धरलं, पण पोरींना स्वतःचं नाव सांगता येईना. ते हाकामारीनं खाऊन टाकलं होतं. मग आत्या गुडघ्यावर बसली, दोघींच्या कानांत कुर्रर्र केलं आणि त्यांनाही आपलंच नाव दिलं. तेव्हा कुठं त्या रडल्या.

तेव्हापासून घळवाडीत जन्मलेली प्रत्येक मुलगी गोजरा. थोरली गोजरा, धाकटी गोजरा, कुंभाराची गोजरा, बोरीवरची गोजरा. त्या पोरी मोठ्या झाल्या, खोऱ्याखोऱ्यांत नांदायला गेल्या, आणि लग्नात नाव बदलायची वेळ आली की साफ नाही म्हणायच्या. त्यांच्या लेकीसुना मग त्यांचं नाव ठेवायला लागल्या. असं ते नाव घाट उतरून गेलं. एक काळ असा आला, की जत्रेत "गोजरे" म्हणून हाक मारली तर अर्धी जत्रा वळून बघायची. मग हळूहळू माणसं भीती विसरली. भीती गेली तशी नावाची गरजही गेली. आयांना पुन्हा वाटायला लागलं, की आपल्या पोरीचं नाव दुसऱ्या कुणाचं नको, काहीतरी नवं हवं. आता तुमच्या शाळेत एक तरी गोजरा आहे का? नाही ना? असू दे. नावांचंही असंच असतं, येतात आणि जातात.

पण त्या दिवशी संध्याकाळी काय झालं, तेवढं ऐका आणि डोळे मिटा.

आत्या मागच्या पडवीत एकटीच बसली होती.  घरात पानं वाढली. सुंद्रा हाक मारायला आली आणि दारात अडखळली. मग म्हणाली, "थोरल्या गोजरे, जेवायला चल."

आतून आई ओरडली, "अगं कार्टे! मोठ्या माणसाला नावानं हाक मारत्यात व्हय?"

"मारू दे गं तिला," आत्या म्हणाली. पण ती लगेच उठली नाही. नावानं आलेल्या हाकेला ओ द्यायची तिला अजून भीती वाटत होती. तिनं सुंद्राला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, हीच आपली पोर आहे याची नीट खात्री करून घेतली. मग म्हणाली, "ओ."

आणि दोघी जेवायला गेल्या. एका ताटात जेवल्या, एका वाकळेत झोपल्या, आणि पुढं सगळं गाव सुखानं नांदलं. दिवा मालवते हं आता. चला, झोपा.