शेळीवरचा निबंध

कोकणातल्या एका वाडीवरच्या शाळेत परुळेकर बाई चौथीला निबंध शिकवत. फळ्यावरचा निबंध उतरवून घ्यायचा नाही, स्वतः पाहिलेलं लिहायचं, हा त्यांचा नियम.

एकदा तपासणीला आलेले साहेब शेवंतीची वही वाचून भडकले. "'आमच्या शेळीचं डावं शिंग मोडकं आहे, ती फक्त आजीच्या हाकेला येते.' हा काय निबंध झाला? 'शेळी हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात,' असं हवं. तुमच्याविरुद्ध शेरा लिहावा लागेल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "जरूर लिहा, साहेब. फक्त एक सांगा. शेळी हरवली, तर यातला कोणता निबंध घेऊन शोधायला निघाल?"

साहेबांनी वही पुन्हा वाचली, ते हसले आणि त्यांनी शेरा लिहिला: 'बाईंनी हे तालुक्यातल्या शिक्षकांनाही शिकवावं.'