येसा तांबटीण आणि फोडलेला शब्द

एका राज्यात दुर्धर नावाचा राजा होता. प्रजा एक झाली तर आपले आसन उलथेल, या भयाने तो झुरत असे. त्याने कालजंघ मांत्रिकाला आज्ञा केली, "जोडणारा शब्दच नाहीसा कर!" मांत्रिकाने 'संधा' हा शब्द फोडला. 'सम्' तळ्यात बुडवला, 'धा' कड्यावर टाकला. माणसे तो शब्द विसरली. त्या दिवसापासून चाकांतून आरे निखळले, शिवणी उसवल्या, मोडकी हाडे जुळेनात.

येसा तांबटीण फुटक्या भांड्यांना धातू वितळवून डाख देई. आता डाख धरेना. तिच्या बापाचा, लाखोबाचा, मोडलेला हात महिनाभर लोंबत राहिला.

"पोरी, राजाशी कोण भांडणार?"

"मी, बाबा."

घरटे विस्कटलेली एक सुगरण अंगणात येऊन बोलली, "बाई, मंत्र माणसांवर आहे, पाखरांवर नाही. सम् म्हणजे एकत्र, धा म्हणजे ठेवणे. दोन्ही मिळव आणि राजासमोर एका दमात उच्चार. पण उच्चारणारा शिळा होतो."

"वाट दाखव," येसा म्हणाली.

तळ्यातला नाग म्हणाला, "एकट्याला 'सम्' मिळत नाही."

"आम्ही दोघी आहोत." सुगरण येसाच्या खांद्यावर होती. नागाने वेटोळे सोडले आणि 'सम्' तिला दिला.

कड्यावरचे गिधाड म्हणाले, "काही ठेवल्यावाचून 'धा' मिळत नाही." येसाने आपली हातोडी खडकावर ठेवली. डोळे भरले, पण 'धा' घेऊन निघताना ती मागे वळली नाही.

लोकांनी भरलेल्या दरबारात राजा गरजला, "तोंड उघडशील तर शिळा होशील!"

"होईन. पण बोलून होईन. संधा!"

तिची पावले दगड झाली, मग गुडघे, मग कंबर. तोच गर्दीतून लाखोबा पुढे आला. "संधा!" त्याचीही पावले दगड झाली. मग कोष्टी बोलला, सुतार बोलला, सुईण बोलली. शेकडो जिभांवर घासून शब्दाचा 'सांधा' झाला. शाप एकाला पुरेल एवढाच होता. इतक्या जणांत वाटला जाऊन तो विरला. दगड गळून पडला. लाखोबाच्या मोडक्या हाताची बोटे हलली. कालजंघाची वाचा गेली.

येसा म्हणाली, "महाराज, खाली या. आमच्यात बसा."

राजा उतरेना. तेव्हा लोकांनी त्याला आसनासकट उचलले आणि आपल्यामध्ये आणून ठेवले.

त्या राज्यात अजूनही राजा आहे. तो जमिनीवर बसतो, प्रजेच्या मांडीला मांडी लावून.