तेवीस मास्तरांची शाळा

लोणखेडी गावात एक भोळा मास्तर राहत होता. त्याचं नाव गुणवंत ढेपे. इंग्रजीचं व्याकरण त्याला पानापानासकट पाठ होतं. बाकी त्याला कोणी जे सांगेल ते तो करायचा. सांगितलं तेवढंच, आणि सांगितलं तसंच. आई म्हणाली, "दुधाकडे बघ जरा," तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो दुधाकडे बघत बसायचा.

त्याची मावसबहीण कुंदाताई बारा वर्षं थायलंडात एका बालवाडीत गणित शिकवत होती. तिथे इंग्रजीचा मास्तर हवा होता. तिने गुणवंतचं नाव सुचवलं. गावाने त्याला शाल दिली, नारळ दिला. आईने घरोघरी जाऊन सांगितलं, "आमचा गुणा परदेशात शिकवणार." आणि गुणवंत विमानात बसला.

शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या प्रानीबाई. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्या थाई भाषेत बोलल्या आणि कुंदाताईने त्याला मराठीत सांगितलं, "हे बघ गुणा, आज तुझी परीक्षा आहे. चार वाजता पालक न्यायला येतील. मुलांनी त्यांच्यासमोर एक तरी इंग्रजी वाक्य म्हटलं पाहिजे. म्हटलं तर नोकरी. नाही तर उद्याचं परतीचं विमान."

गुणवंतला गावातली शाल आठवली. परत न्यायला जड वाटली असती.

सकाळचे आठ वाजले. कर्ण्यावर राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे जागच्या जागी थांबले. मुलं थांबली, माळी झारी धरून थांबला. एकटा गुणवंत पाणी प्यायला निघाला होता. तो चालत राहिला.

गीत संपल्यावर कुंदाताईने त्याला बाजूला घेतलं.

"काय रे हे? इथे गाणं लागलं की हलायचं नाही. खांबासारखं उभं राहायचं."

"बरं ताई."

मग तो वर्गाकडे गेला. दाराबाहेर सगळ्यांसारखे बूट काढून आत गेला. बावीस मुलं होती. त्यांतली फाह नावाची एक मुलगी सहा महिन्यांत शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. ती कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे नुसती बघायची.

गुणवंतने नाचाचं गाणं लावलं. गाणं लागलं म्हटल्यावर तो खांब झाला. मुलांनी त्याच्याकडे पाहिलं. नव्या मास्तरांचा हाच नाच असेल, असं त्यांना वाटलं. तीही उभी राहिली. एकाच्या नाकावर माशी बसली, तरी त्याने ती उडवली नाही.

कुंदाताई दारातून डोकावली. तिला वर्गात तेवीस खांब दिसले.

"अरे, हे मुलांचं गाणं आहे. मुलांच्या गाण्याला मुलं जे करतील तेच आपण करायचं."

"असं होय. बरं ताई."

दुपारी जेवणं झाली. सेविकेने मुलांच्या चेहऱ्यांना पावडर लावली, चटया पसरल्या आणि अंगाईगीत लावलं. मुलं झोपली. गाणं मुलांचं होतं, म्हणून गुणवंतही झोपला. तो असा काही घोरला की मुलं जागी झाली. ती त्याच्याभोवती गोल करून बसली. फाहने पावडरचा डबा आणला आणि त्याच्या तोंडाला नीट, कानांपर्यंत पावडर लावली.

कुंदाताईने येऊन पांढराफटक मास्तर पाहिला.

"ऊठ. तीन वाजले. इंग्रजी किती झालं?"

"अजून सुरू नाही झालं, ताई."

"आता नीट ऐक. मास्तर पुढे, मुलं मागे. तू बोलशील ते मुलांनी बोलायचं. तू करशील ते मुलांनी करायचं. जे असेल ते त्यांच्याकडून करवून घे. एवढं एकच धरून ठेव."

"एकच ना? मग राहील लक्षात."

गुणवंत चित्रांचे तक्ते काढायला कपाटाकडे निघाला. वाटेत खेळण्यातला लाकडी ठोकळा पडला होता. अनवाणी पाय नेमका त्यावर पडला. गुणवंतने पाय हातात धरला, एका पायावर तीन उड्या मारल्या आणि ओरडला, "अगं आई गं, मेलो."

मुलं बघत राहिली. गुणवंतला ताईचं बोलणं आठवलं. त्याने हाताने खूण केली. बावीस मुलांनी पाय हातात धरले, तीन उड्या मारल्या आणि म्हटलं, "अगं आई गं, मेलो."

सगळ्यांत मोठा आवाज कोपऱ्यातून आला. तो फाहचा होता.

गुणवंतला बरं वाटलं. उच्चार स्वच्छ होते. चार वाजेपर्यंत त्याने तेवढंच पक्कं करून घेतलं.

पालक दाराबाहेर जमले. प्रानीबाई आल्या. गुणवंतने खूण केली. बावीस पाय वर गेले, उड्या पडल्या आणि वर्ग दणाणला, "अगं आई गं, मेलो."

फाहची आई मटकन खाली बसली आणि रडू लागली. पोरगी शाळेत बोलली होती.

"छान," प्रानीबाई म्हणाल्या. "या इंग्रजीचा अर्थ काय?"

कुंदाताईने गुणवंतच्या पांढऱ्या तोंडाकडे पाहिलं. मावशीचं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"अर्थ असा," ती म्हणाली, "की आई, मी आलो."

"आणि पाय का धरायचा?"

"घाईने आलो म्हणून."

प्रानीबाईंनी लगेच नेमणुकीचा कागद आणवला, स्वतः सही केली आणि पेन गुणवंतच्या हातात दिलं. कुंदाताई पालकांना चहा द्यायला वळली.

गुणवंतने सही केली. मग थोडा थांबला. तू करशील ते मुलांनी करायचं. त्याने पेन पहिल्या मुलाला दिलं.

कुंदाताई चहा देऊन परत आली, तेव्हा कागद भरला होता. गुणवंतच्या सहीखाली बावीस सह्या होत्या. कोणी रेघ मारली होती, कोणी मासा काढला होता. फाहने पावडरीत बोट बुडवून ठसा उठवला होता.

प्रानीबाईंनी कागद हातात घेतला. वरून खाली मोजलं. खालून वर मोजलं.

"तेवीस मास्तर नेमले मी," त्या म्हणाल्या. "शिकायला कोणीच उरलं नाही."

त्यांनी कुंदाताईकडे पाहिलं. कुंदाताईने चहाचा कप पुढे केला.

मग प्रानीबाईंनी चपला बाहेर काढल्या, वर्गात येऊन एक छोटी चटई ओढली आणि त्या मांडी घालून बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "मला शिकवा."

तेवीस मास्तरांनी पाय हातात धरले.