भिवराबाईचा खांब

आंबेसरचा माळ चढून आलं की आधी दिसतो तो हा लोखंडी खांब. याला तार नाही, दिवा नाही, आणि शेजारच्या दगडी खोलीवर कौलही उरलेलं नाही. तरी परगावी मुक्कामाला निघालेला आंबेसरचा माणूस पहिल्यांदा इथं येतो, खांबाला हात लावून आपलं नाव सांगतो आणि कुठं चाललो तेही सांगतो. पाहुणे हसतात. हसू द्या. आम्हीही लहानपणी हसायचो.

संस्थानाच्या काळात हिरड्याच्या व्यापाऱ्यांनी मिळून आंबेसर टेलिफोन कंपनी काढली, असे सांगतात. घाटाखालच्या पेठेतला भाव घरबसल्या कळावा, एवढाच हेतू. खांब आले, तारा आल्या, आणि सगळ्या तारा जिथं येऊन मिळायच्या तो बोर्ड कुठं ठेवायचा यावर घोडं अडलं. ज्याच्या घरी बोर्ड, त्याच्या कानी सगळ्यांचे भाव. एका पंगतीला जेवणारी ही माणसं, पण एकमेकांवर तसूभर विश्वास नव्हता. शेवटी बोर्ड गावाबाहेर, या माळावर आणला. त्यावर बसायला माणूसही असा शोधला, की ज्याचं जगात कुणी नाही. ज्याला कुणी नाही, तो सांगणार कुणाला? व्यापाऱ्यांची अक्कल ती.

अशी भिवरा सापडली. घाटापलीकडच्या वाडीतली, चार इयत्ता शिकलेली. पटकीच्या साथीत तिचं माहेर आणि सासर दोन्ही धुऊन गेलं होतं. ग्रामदेवतेसमोर तिच्याकडून शपथ घेतली म्हणे, की तारेवर ऐकलेलं तोंडातून काढणार नाही, आणि कंपनी आहे तोवर गावात कुणाचा उंबरा चढणार नाही. शिधा कंपनीचा शिपाई माळाखालच्या दगडावर ठेवून जायचा. भिवरा वरून उतरायची, तो उचलून परत वर.

लोक तिच्या आवाजाला लवकरच सरावले. रिसीव्हर उचलला की ती म्हणायची, “कोण पाहिजे?” आणि मागेल त्याच्याशी तार जोडून द्यायची. पुढं लोकांना एक सवय लागली. घराबाहेर पडताना ते रिसीव्हर उचलून सांगत, “भिवराबाई, मी तालमीकडं निघालोय, फोन आला तर तिथं द्या.” कोणी देवळात, कोणी व्याह्याकडं, कोणी दुकानात. सगळ्या गावाचा ठावठिकाणा भिवराबाईच्या डोक्यात असे. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचा खोकला वाढला, हे तिला शेजाऱ्यांच्या आधी कळे. ती मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. बोर्डावर प्रत्येक घराचं एक भोक होतं, तिच्या स्वतःच्या नावाचं एकही नव्हतं. आपल्यासाठी म्हणून एक तरी फोन यावा, असं तिला फार वाटे. दुसरं काही तिनं मागितलं नाही.

अशी वर्षं गेली आणि केस पिकले. मग कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली, आणि त्या मोठीला सरकारनं. खाली पेठेत आपोआप चालणारं यंत्र आलं, घरोघरी चकतीचे फोन बसले. नव्या फोनाचे पेढे सगळ्या आळीत वाटले. वर जाऊन भिवराबाईला सांगायचं मात्र राहून गेलं. शिपायाला वाटलं साहेबांनी सांगितलं असेल, साहेबांना वाटलं भागीदारांनी, आणि भागीदारांना वाटलं, गावात कुणी ना कुणी सांगेलच की.

एका दुपारी बोर्डावरच्या तारा एकेक करून मुक्या झाल्या. भिवराबाईनं प्रत्येक घराला हाक दिली. उत्तर नाही. बाहेर येऊन बघितलं तर खाली चुली पेटलेल्या, धूर निघतोय, माणसं हिंडताहेत. म्हणजे गाव आहे, फक्त तिच्याशी बोलत नाही. आपल्या तोंडून एखादा शब्द फुटला असावा, शपथ मोडली म्हणून गावानं आपल्याला वाळीत टाकलं, असं तिच्या मनानं घेतलं. दगडावर शिधा येईना तेव्हा तर तिची खात्रीच झाली. कुठला शब्द, कुणापाशी, हे आठवत ती बोर्डापुढं बसून राहिली. नाचणी संपली, तरी खाली उतरली नाही.

गावाला तिची आठवण झाली नाही. झाली ती एकट्या गोदामावशी सुईणीला, तीही सवयीनं. वरच्या वाडीचं बोलावणं आलं तशी तिनं निघताना फोन उचलला आणि म्हणाली, “भिवराबाई, मी वरच्या वाडीला चाललेय.” पलीकडं नुसता घूं आवाज. म्हातारी चपापली. वाडीची वाट सोडून आधी माळ चढली.

दार उघडंच होतं. गोदामावशीनं हाक मारली, तसा आवाज ओळखून भिवराबाई म्हणाली, “मावशी, माझ्याकडनं काय चुकलं?”

“तुझं काय चुकायचं, बाई? कंपनी बुडाली. सांगाया कोन आलं न्हाई व्हय तुला?”

भिवराबाई बोर्डापुढून उठून दारात आली. “मग आता उंबरा चढले तर चालेल?”

“चालंल की. माझ्या घरी जा, चुलीवर पेज हाय. तिकडं पोरगी अडलीया, मी आलेच.”

शपथेनंतर भिवराबाई पहिल्यांदाच गावात उतरली. असे सांगतात, की ती दारोदार थांबत गेली. प्रत्येक घर तिला आवाजानं ठाऊक होतं. आतून माणूस यायचा, या अनोळखी, पिकल्या केसांच्या बाईकडं बघून विचारायचा, “कोण पाहिजे?” जन्मभर हाच प्रश्न तिनं विचारला होता, उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. ती मान हलवून पुढं जायची. गोदामावशीच्या घरापर्यंत ती पोचलीच नाही.

संध्याकाळी मेंढरं वळवणाऱ्या एका धनगरणीनं तिला या खांबाशी पाहिलं म्हणे. खांबाला हात लावून ती म्हणत होती, “मी भिवरा. मी निघालेय.” पुढचं, कुठं ते, वाऱ्यात गेलं. गोदामावशीनं परत येऊन गावाला जागं केलं, मग गावानं घाट पालथा घातला, पेठा धुंडाळल्या. ज्या बाईला साऱ्या गावाचा पत्ता ठाऊक, तिचा पत्ता एकालाही सांगता आला नाही. गोदामावशी मरेपर्यंत त्या चुलीवर एका माणसाची पेज जास्त टाकत राहिली.

भंगारवाले दोनदा आले, गावानं खांब हलवू दिला नाही. आजही वारा सुटला की तो आतून गुणगुणतो, हात लावून बघा. आजही इथला माणूस निघताना आपला ठिकाणा सांगतो. आणि परत आला की घरी जाण्याआधी खांबाला कान लावून विचारतो, “भिवराबाई, तुम्ही कुठं आहात?” मग थोडा वेळ थांबतो, आणि उतरायला लागतो.