वॉर्डातली हवा

"मग सर, तिन्हींतलं कोणतं घेऊ?"

डॉ. अभिनंदन मगदूमने तीन रंगीत माहितीपत्रकं टेबलावर मांडली होती.

हुपरीकर सरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते खिडकीतून माळाकडे बघत होते.

"सर?"

"ऐकतोय..."

मी शेजारीच बसले होते. माळावरच्या टीबी सॅनेटोरियममध्ये मी सरांच्या हाताखाली उभी हयात काढली. आता सर थकलेत, मीही रिटायर झालेय. तरी रोज सकाळी बीपी बघायचं निमित्त करून जाते. बीपी चुटकीसरशी बघून होतं आणि मग आम्ही दोघं जुन्या गोष्टी उगाळत बसतो.

अभिनंदन सरांचाच चेला. एमबीबीएस होऊन नुकताच आला होता तेव्हा पांढरा कोट त्याला ढगळ व्हायचा. आता संस्थेच्या नव्या हॉस्पिटलचा प्रमुख आहे. हुशार, यात वादच नाही. पण हुशारी अंगाला लागली की माणूस विचारायला येत नाही, होकार घ्यायला येतो. तसा तो आला होता.

जुनं सॅनेटोरियम पाडून त्याच जागी नवी इमारत उभी राहिलीय. वरच्या मजल्यावर टीबीचा वॉर्ड. चारी बाजूंनी काचा, आणि त्यातली एकही काच उघडत नाही. मग आत हवा खेळायची कशी? तर यंत्राने. एएचयू म्हणतात त्याला. खोलीएवढं पत्र्याचं धूड. हवा ओढतं, गाळतं, गार करतं आणि नळकांड्यांतून वॉर्डात सोडतं.

दुपारी कमिटी बसणार होती. अभिनंदन बोट ठेवेल तेच यंत्र येणार होतं.

माझा जीव मात्र वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. माझी सून रेश्मा संस्थेतच स्टाफ नर्स आहे. वॉर्ड उघडेल त्या दिवसापासून तिची ड्यूटी तिथेच.

"फरक काय तिघांत?" सरांनी विचारलं.

"पहिलं वॉर्डातलीच हवा परत घेतं, सर. गाळून, गार करून पुन्हा वॉर्डात. बाहेरची अगदी चवीपुरती. दुसरं निम्मी बाहेरची घेतं. तिसरं सगळीच बाहेरून घेतं, आणि वापरलेली सगळी बाहेर टाकतं."

"तिसऱ्यात खोट काय?"

"वीज. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहितीय. ती तापलेली हवा गार करायची, पेशंटने एकदा नाकात घेतली की फेकायची... सोन्यासारखा गारवा उकिरड्यावर टाकल्यासारखं आहे ते."

"म्हणजे तुझ्या मनात पहिलं."

"गारवा त्याचाच चांगला, सर. जुन्या वॉर्डातल्या शेवटच्या उन्हाळ्यात आपले पेशंट कसे तळमळत होते, बघितलंय तुम्ही."

तेही खरंच होतं. म्हातारी माणसं ओला टॉवेल छातीवर टाकून पडलेली असायची. त्यांच्याविषयी त्याला मनापासून वाटत होतं, हे मला मान्य करायलाच हवं.

सर माझ्याकडे वळले. "सिस्टर, आपला व्हरांडा आठवतो?"

"न आठवायला काय झालं, सर?"

लांबच्या लांब व्हरांडा. एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला सरळ माळ. खाटांची रांग माळाकडे पाय करून. थंडीत पेशंट कानटोपी घालून, हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून पडायचे आणि डॉक्टर आम्हाला गारठून मारणार म्हणून बोटं मोडायचे. मग शाळवाच्या ज्वारीत हुरडा धरला की वारं त्याचा वास घेऊन यायचं. तेच पेशंट उठून बसायचे, आपापल्या रानाच्या गोष्टी काढायचे, आणि गरम दुधाचा मग हातातच निवून जायचा. मला त्या व्हरांड्याची फार आठवण येते. मरणंसुद्धा तिथेच बघितली, तरी येते.

"ह्याने गोणपाटाचे पडदे बांधले होते तिथे," सर म्हणाले.

अभिनंदन ओशाळं हसला. "तुम्हाला आठवतंय, सर?"

मला तर कालची गोष्ट वाटते. नवा नवा असताना पेशंट कुडकुडतायत हे त्याला बघवलं नाही, म्हणून पोत्यांचे पडदे करून त्याने व्हरांडा बंद केला. सकाळी सर राउंडला आले. रागावले नाहीत. एकेक पडदा स्वतः सोडवला, आपला कोट काढून एका म्हाताऱ्याच्या पायावर टाकला, आणि नुसत्या सदऱ्यावर पुढच्या खाटेकडे गेले.

"मी तेव्हा तुमच्या पाया पडलो होतो," अभिनंदन म्हणाला.

"हो. पडलास खरा."



मग त्याने माहितीपत्रकं पुन्हा सारखी केली. "पण सर, ते दिवस गेले. आता हायवे आपल्या दारातून गेलाय. ट्रकचा धूर, धुरळा. खिडक्या उघड्या टाकून हॉस्पिटल नाही चालत."

"गेले खरे," सर म्हणाले.

मला राहवलं नाही. "आणि एकाचा खोकला नळकांड्यातून फिरून दुसऱ्याच्या नाकात गेला तर रे? नर्स पोरी असणार तिथे दिवस दिवस."

"फिल्टर आहे ना, सिस्टर. सगळ्यात बारीक जाळीचा. हवा गाळूनच येणार."

"जाळी फाटली तर?"

"फाटत नाही."

"बदलायची राहिली तर?"

"कंपनीशी करार केलाय. त्यांचा माणूस येऊन बदलणार."

सगळ्याला उत्तर तयार.

सर एकदम हसले. "अभिनंदन, तू आलास तेव्हा आमच्या माठातलं पाणी प्यायचा नाहीस. आईने पांढरं फडकं दिलं होतं तुला. त्यातून गाळल्याशिवाय घोट घ्यायचा नाहीस, आणि बाकीचे चिडवायचे."

"अजूनही गाळूनच पितो, सर. जैनाचं घर आहे." तो जरा ताठ बसला.

"चांगली सवय आहे... सिस्टर, तो तांब्या द्या इकडे. आणि दोन पेले."

मी दिले. सरांनी एक पेला भरला.

आता सरांचं एक सांगते. हा माणूस जन्मभर पाणी वरून प्यायला. पेल्याला ओठ लावलेले दिसले की वॉर्डात कुणाचीही खैर नसायची. भल्याभल्यांना त्यांनी त्यावरून झापलंय, मलाही.

त्या दिवशी सरांनी पेला सरळ ओठाला लावला. सावकाश प्यायले आणि मग माझ्यापुढे धरला.

"घ्या, सिस्टर. तोंड लावूनच प्या."

मला काही उमजेना. पण सरांनी सांगायचं आणि मी करायचं, ही आमची रीत. मीही प्यायले.

सरांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला. झटकला. चौपदरी घडी घालून रिकाम्या पेल्यावर धरला आणि माझ्या हातातलं उरलेलं पाणी घेऊन त्यातून ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही.

पाणी अगदी नितळ दिसत होतं.

सरांनी तो पेला अभिनंदनपुढे सरकवला.

"घे. गाळलंय."

अभिनंदन हसला. सरांकडे बघितलं, तेव्हा त्याचं हसू मावळलं.

"सर..."

"चौपदरी गाळलंय रे."

"मला तहान नाही, सर."

"उन्हातून आलायस."

त्याने पेल्याकडे हात नेला. पेला उचललाही. आत बघितलं... आणि परत खाली ठेवला.

"हे निराळं आहे, सर. रुमाल म्हणजे फिल्टर नव्हे. तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तुझी जाळी माझ्या रुमालापेक्षा शंभरपट चांगली. मान्य."

"मग?"



हायवेवरून एक ट्रक गेला. खिडकीचा पडदा हलला.

अभिनंदनने पेला बोटाने हळूच लांब सारला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्याचं वाईट वाटलं. किती झालं तरी आमच्याच हाताखाली वाढलेला मुलगा.

"नको, सर," तो म्हणाला. "तुमचा अपमान करायचा नाही मला. पण खरंच नको."

"अपमान कसला त्यात?" सर म्हणाले. त्यांनी पेला उचलला आणि खिडकीतल्या तुळशीला पाणी ओतून टाकलं. रुमाल पिळून खिडकीच्या गजावर वाळत घातला.

मग मला विचारलं, "सिस्टर, रेश्माची पाळी किती तासांची असते?"

"आठ, सर. बदली नर्स आली नाही की बारासुद्धा."

"आणि पेशंट?"

"ते तर महिनोन् महिने, सर. तुम्हाला काय सांगायचं."

सरांनी मान हलवली. तिन्ही माहितीपत्रकं गोळा करून त्यांनी अभिनंदनच्या हातात दिली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

"बाळ, तुला नको म्हणता आलं."